दुखत नाही

गेल्या शनिवारी मी शिकवते त्या जिम्नॅस्टिक्सच्या वर्गातली सात वर्षांची एक मुलगी बीमवरून, म्हणजे तोल सांभाळत चालायच्या अरुंद, उंच पट्टीवरून पडली. फार मोठं पडणं नव्हतं. वळताना टाच घसरली, नडगी बीमच्या कडेवर खरवडली आणि ती खालच्या गादीवर आली. नडगीवर आधी पांढरा ओरखडा उठला, मग तो लाल होत गेला. मी दोन पावलांवर उभी होते, पण मी पोचायच्या आत ती उठली आणि म्हणाली, "दुखत नाही." तिला कुणी काही विचारलं नव्हतं. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, स्वतःच्या पायाकडेही बघत नव्हती. आमच्या हॉलच्या एका बाजूला मोठी काच आहे आणि काचेपलीकडे पालकांची बाकं. तिथे तिचे वडील अर्धवट उठले होते. त्यांच्याकडे बघून ती हसली, हात हलवला आणि पुन्हा बीमवर चढली. मगच ते खाली बसले.

आठवडा झाला, तरी ते दोन शब्द डोक्यातून जात नाहीत.

हे कुटुंब अमेरिकेत येऊन फार वर्षं झालेली नाहीत. वडील एका गोदामात रात्रपाळी करतात आणि सकाळी गळ्यातलं ओळखपत्रही न काढता थेट मुलीला घेऊन येतात. तिची संघाच्या तयारीच्या गटात निवड झाली, तेव्हा त्यांनी मला तीन गोष्टी विचारल्या होत्या. आठवड्याला किती तास, खर्च किती, आणि पाळी लांबली म्हणून पोचायला उशीर झाला तर प्रशिक्षक नाराज होतील का. तिसऱ्या प्रश्नाला त्यांचा आवाज खाली आला होता. या माणसाचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही, पण त्याचं बसणं मी ओळखते. पाठ टेकायची नाही, गुडघे जुळवून ठेवायचे, कुणी बघितलं तर आधीच मान हलवायची. आपल्याला इथे बसू दिलंय, असं मानणाऱ्या माणसाचं ते बसणं आहे. माझे बाबा वर्षानुवर्षं असेच बसत.

आम्ही १९९३ साली इथे आलो तेव्हा मी पाच वर्षांची होते. बाबांची सॉफ्टवेअरमधली नोकरी, आईला तेव्हा काम करायची परवानगी नव्हती, आणि मी घरातलं सगळं फर्निचर चढून संपवलेलं. शेजारच्या बाईंनी जिमचं नाव सुचवलं. पहिल्या दिवशीचा वास अजून नाकात आहे. चॉकची कोरडी भुकटी, फोमच्या ठोकळ्यांचा रबरी दर्प, अनवाणी पायांचा घाम, आणि या सगळ्यावर रेंगाळणारा जंतुनाशकाचा वास. कुणीतरी मला कमरेला धरून बारला लटकवलं आणि मी सोडायलाच तयार होईना. प्रशिक्षक स्वतः दुसऱ्या देशातून आलेले होते. सोव्हिएत संघ आणि रुमानियातल्या राजवटी कोसळल्यावर तिथले कितीतरी जिम्नॅस्टिक्सचे प्रशिक्षक अमेरिकेत आले, ते दिवस तेच. त्यांचं इंग्रजी तुटक, बाबांचं पुस्तकी. पण दोघांचं एका गोष्टीवर एकमत पहिल्याच भेटीत झालं: मुलीनं मेहनत करायला हवी. तो माणूस ओरडायचा, तेव्हा बाबांना त्यात तळमळ दिसायची. आपलं गाव सोडून आलेला माणूस दुसऱ्या तशाच माणसावर किती पटकन विश्वास टाकतो, हे मला फार उशिरा कळलं.

बाबांनी आयुष्यात कधी कोलांटी उडी मारली नसेल. पण त्यांनी गुणांकनाचं नियमपुस्तक मिळवलं आणि पेन्सिल घेऊन ते वाचायला बसले. काचेपलीकडच्या इतर पालकांशी काय बोलावं हे त्यांना सुचत नसे. नियमांशी मात्र त्यांचं जमलं. तेव्हा गुण दहापासून सुरू होत आणि तिथून वजाबाकी. गुडघा वाकला, वजा. पायाची बोटं ताणलेली नाहीत, वजा. उतरताना एक पाऊल सरकलं, वजा. पडलं की अर्धा गुण गेला. पुढे तोच दंड वाढत वाढत पूर्ण एक गुण झाला. बाबांच्या एका लांबट वहीत प्रत्येक स्पर्धेचं पान असे. डाव्या बाजूला परीक्षकांचे गुण, उजव्या बाजूला त्यांचे. घरी येताना गाडीत ते दिवा लावून मला दाखवायचे, आणि त्यांचा आकडा परीक्षकांच्या आकड्याशी जुळला की त्यांना लपवता येणार नाही इतका आनंद व्हायचा. मी जिंकल्याच्या आनंदापेक्षा तो वेगळा होता. या देशातली एक तरी गोष्ट आपल्याला आतून बाहेरून समजली, असा तो आनंद होता. मला तो फार आवडायचा. म्हणूनच स्वतःबद्दल त्यांना काही सांगायचं झालं तर मी वजाबाकीच सांगायची: डावा गुडघा वाकला, खांदे उघडले नाहीत. भीती वाटली, हे सांगायला त्या वहीत रकानाच नव्हता.

पण आधी सुखाबद्दल सांगायला हवं, नाहीतर हे सगळं खोटं होईल. बारवर जायंट, म्हणजे दांड्याभोवती पूर्ण गोल फेरी, फिरताना शरीर हातांपासून पायाच्या अंगठ्यांपर्यंत एका रेषेत येतं. वर जाताना एक क्षण असा येतो की वजनच उरत नाही. दांडा तळहातात असतो पण धरलेला नसतो, छत पायांखाली असतं, आणि आवाज थांबतात. मग गुरुत्वाकर्षण तुम्हाला परत बोलावतं आणि सगळा भार बोटांच्या मुळांवर येतो. तिथली कातडी फाटायची. आम्ही त्याला रिप म्हणायचो आणि एकमेकींना अभिमानानं दाखवायचो. रात्री आई कोमट पाण्यात माझे हात धरून बसायची. पाणी लागताच कळ डोक्यापर्यंत जायची, आणि मी आईच्या चेहऱ्याकडे बघत राहायची, कारण माझा चेहरा हलला की तिचाही हलायचा. बीमची रुंदी १० सेंटीमीटर, उंची १२५. त्यावर मागे उडी घेताना आपल्याला काहीच दिसत नाही. पायांना जागा आठवते आणि ते तिथे येतात. शाळेत मी नावाचा उच्चार दहादा सुधारून देणारी मुलगी होते. जिममध्ये माझ्या शरीराला कुठलाही उच्चार नव्हता. तिथे मी या देशातली नवखी नव्हते. हे सुख मला दुसऱ्या कशानंही दिलं नाही, आणि ते कुणी हिरावूनही घेतलेलं नाही.

आठवड्याचे तीसेक तास सराव असे. त्यासाठी बाबांनी दुसऱ्या शहरातली चांगली नोकरी नाकारली, आईनं कामाची परवानगी मिळाल्यावर सोयीच्या वेळेचं काम धरलं. शिकलेल्या विषयातलं ते नव्हतं. हे कुणी मला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. लहान घरात सगळं ऐकू येतं. दुसऱ्या देशात वाढणाऱ्या मुलाला हिशोब कुणी शिकवावा लागत नाही. लिओटार्डवरचे, म्हणजे खेळताना घालायच्या घट्ट पोशाखावरचे, चमकते खडे आई रात्री एकेक करून चिकटवायची, कारण तयार घेणं परवडत नव्हतं. त्यातला एक जरी गादीवर गळून पडलेला दिसला, तरी मी तो उचलून ग्रिप्सच्या, म्हणजे बारसाठी तळहातावर बांधायच्या पट्ट्यांच्या, पिशवीत ठेवायची.

या आठवड्यात माझ्या मनाशी एक गोष्ट स्पष्ट झाली. स्थलांतरित घर मुलाला सांगतं, कुरकुर करू नकोस, आपल्याला मिळालंय त्याची जाण ठेव, मोठ्यांना उलट बोलू नकोस, आणि आपल्यामुळे कुणाला त्रास झाला असं होऊ देऊ नकोस. तेव्हाची जिम मुलीला अगदी हेच सांगत होती. दोन्ही शिकवणी एकमेकींत इतक्या घट्ट बसल्या की मधली फट कुणालाच दिसली नाही. प्रशिक्षक बाबांना म्हणायचे, तुमची मुलगी फार गुणी, कधी तक्रार करत नाही. बाबांना वाटायचं हे आपल्या संस्कारांचं कौतुक. आणि घरी बाबा म्हणायचे, बघ, सर तुझ्यावर किती कष्ट घेतात. एका बाजूनं मला सुटका हवीशी वाटली असती, तर दुसऱ्या बाजूला कुणीतरी मोकळं उभं असायला हवं होतं. दोन्ही बाजूंना आभारच उभे होते.

माझ्या आधीच्या मुलींकडे बघून हे कळायला हवं होतं असं आता वाटतं, पण तेव्हा आम्ही फक्त पदकं बघत होतो. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या सुवर्णविजेत्या संघातली सगळ्यात लहान मुलगी डोमिनिक मोचानू होती, १४ वर्षांची, रुमानियातून आलेल्या जिम्नॅस्ट आईवडिलांची लेक. माझ्या खोलीत तिचं चित्र होतं. नडगीच्या हाडाला ताणाचं फ्रॅक्चर असताना ती खेळत होती. बीमच्या अंतिम फेरीत ती डोक्यावर आपटली, मानेची तपासणी कुणी केली नाही आणि काही मिनिटांत ती फ्लोअरवर उतरली, हे तिनं मोठेपणी स्वतः सांगितलं. १९९८ मध्ये, १७ व्या वर्षी, कमावलेल्या पैशांच्या वादातून आईवडिलांपासून कायद्यानं स्वतंत्र व्हायला ती ह्यूस्टनच्या न्यायालयात गेली. आमच्या घरात ती बातमी जेवताना आली. आई म्हणाली, "इतकं करून हे?" बाबा काहीच बोलले नाहीत. मी भिंतीवरचं चित्र काढून कपाटात ठेवलं, कुणी सांगितलं नसताना. फेकून मात्र देववलं नाही.

आणि सिडनी. २००० सालची ती वैयक्तिक अंतिम फेरी आठवली की अजूनही माझ्या पोटात कालवाकालव होते. जगातल्या सर्वोत्तम मुली व्हॉल्टवरून, म्हणजे धावत येऊन हात टेकून उडी घ्यायच्या साधनावरून, एकामागून एक चुकीच्या उतरत होत्या. स्वेतलाना खोर्किना गुडघ्यांवर आदळली. मग ती बारवर गेली आणि तिथूनही पडली. नंतर कळलं की व्हॉल्टच ५ सेंटीमीटर खाली बसवला होता. इतक्या मुली, इतके प्रशिक्षक, आणि पडणाऱ्या प्रत्येकीला वाटलं असणार की आपलंच काहीतरी चुकलं. ॲलाना स्लेटर या ऑस्ट्रेलियन मुलीला उंची खटकली आणि ती तसं बोलली, तेव्हा कुठे मोजमाप झालं. आधी खेळलेल्यांना पुन्हा संधी दिली गेली, पण खोर्किनाची बारवरची फेरी तोवर हातची गेली होती. मी तेव्हा १२ वर्षांची. बाबांनी वहीत त्या पानावर काहीच आकडे लिहिले नाहीत. मी मनात स्वतःला विचारलं, मी त्या जागी असते तर बोलले असते का? उत्तर इतकं लगेच आलं की मी पुढे विचारलंच नाही.

पासपोर्टबद्दल लिहायचं मी बराच वेळ टाळते आहे.

मी ज्युनिअर एलिटच्या, म्हणजे राष्ट्रीय पातळीवरच्या लहान गटाच्या, उंबरठ्यावर होते तेव्हा आमच्याकडे ग्रीनकार्ड होतं. देशाच्या संघाचा विषय कधी निघालाच, तर नागरिकत्व लागणार होतं. बाबांना मात्र भारताचं नागरिकत्व सोडायचं नव्हतं. ते मनात ठरवून आले होते की काही वर्षांनी परत जायचं. दरवर्षी ती 'काही वर्षं' पुढे सरकत होती, पण पासपोर्ट होता तोवर ते वाक्य खरं होतं. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. २००१ मध्ये इथे नवा कायदा लागू झाला होता. आई किंवा वडील, कुणी एक नागरिक झालं की ग्रीनकार्ड असलेलं १८ च्या आतलं मूल आपोआप नागरिक होतं. त्याच वर्षी बाबांनी शपथ घेतली. त्या शपथेत आधीच्या देशावरची निष्ठा पूर्णपणे सोडत असल्याचं मोठ्यानं म्हणावं लागतं. मोठ्या सभागृहात शेकडो लोक हात वर करून उभे, आणि मी मागच्या रांगेतून बाबांची मान बघत होते. आईनं शपथ घेतली नाही. पुढची कितीतरी वर्षं विमानतळावर आम्ही दोन रांगांत उभे राहायचो, बाबा आणि मी एकीकडे, आई दुसरीकडे. "तुझ्यासाठी केलं" असं बाबा एकदाही म्हणाले नाहीत. ते म्हणाले असते तर मी निदान भांडले असते.

पाठ दुखायला लागली ती त्यानंतर. कमरेच्या मणक्याच्या एका नाजूक भागाला ताणाचं फ्रॅक्चर होतं. सतत मागे वाकणाऱ्या जिम्नॅस्टमध्ये ही दुखापत चांगलीच ओळखीची आहे. सुरुवातीला ती एखाद्या बोटानं दाबल्यासारखी असते, एकाच ठिकाणी, उजवीकडे. मी सराव संपल्यावर गाडीत सीट थोडी मागे करून झोपल्याचं सोंग घ्यायची. सकाळी बूट बसून न घालता भिंतीला टेकून घालायची. प्रशिक्षक विचारत, "ठीक?" आणि मी ठीक म्हणायची. बाबा विचारत, "दमलीस?" आणि मी नाही म्हणायची. मग एका सरावात बीमवरून उतरल्यावर मला सरळच होता येईना. क्ष-किरण, मग स्कॅन, मग छातीपासून कमरेपर्यंत कडक पट्टा. डॉक्टरांनी विचारलं, हे किती दिवस दुखतंय? मी म्हटलं, दोन आठवडे. १६ व्या वर्षी मी थांबले. पट्टा सुटल्यावर परत जायचं ठरलं होतं. ते कधी रद्द झालं नाही, नुसतं कुणी पुन्हा काढलं नाही.

त्याच उन्हाळ्यात अथेन्समध्ये मोहिनी भारद्वाज २५ व्या वर्षी अमेरिकी संघाची कर्णधार होती. वडील भारतीय, आई रशियन. खेळ सोडून परत आलेली, सरावाला पैसे नव्हते म्हणून पडेल ती कामं केलेली. शेवटी अभिनेत्री पामेला अँडरसननं दिलेल्या २०,००० डॉलरच्या मदतीनं तिचा रस्ता सोपा झाला. संघाला रौप्य मिळालं. पडद्यावर ते नाव बघून आई रडली. मी पट्ट्यात बसून बघत होते आणि मला हेवा वाटला तो पदकाचा नाही. ती स्वतःहून परत आली होती, कुणाचं काही फेडायला आलेली दिसत नव्हती, त्याचा.

२०१८ च्या जानेवारीत मिशिगनच्या न्यायालयात मुलींच्या लैंगिक शोषणाबद्दल जिम्नॅस्टिक्सच्या राष्ट्रीय संघाच्या माजी डॉक्टरला शिक्षा सुनावली जात होती. १५६ मुली आणि स्त्रियांचे जबाब त्या दालनात ऐकले गेले. टेक्ससमधल्या ज्या रँचवर राष्ट्रीय शिबिरं होत, तिथे आईवडिलांना येऊ देत नसत, हे तेव्हा सगळ्या जगाला कळलं. मी त्या पातळीपर्यंत पोचलेच नव्हते. बाबांचा रात्री फोन आला. त्यांनी प्रश्न अर्धाच विचारला, "तुला कधी कुणी..." मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. पण फोनवर जी शांतता पसरली, तिचा अर्थ मला कळला. माझं 'नाही' त्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं. त्याची किंमत किती, याचा हिशोब ते आता लावत होते.

त्या काचेपलीकडच्या वडिलांशी मी बोलणार आहे. सराव बघायला बसण्याचा हक्क त्यांचा आहे, तो कुणी उपकार म्हणून दिलेला नाही, हे सांगणार आहे. हाडांची टोकं वाढत असतात त्या वयात मनगट आणि पाठ दुखली तर ती थकव्यावर ढकलायची नाही, हे सांगणार आहे. डॉक्टरांच्या खोलीत मुलीबरोबर आत जा, आणि उशीर झाला तर प्रशिक्षक नाराज झाले तरी चालतील. आणि घरी तिला 'दमलीस का' असं विचारू नका, त्याचं उत्तर तिला पाठ आहे. 'आज कुठे दुखलं' असं विचारा. मुलीला खेळातून काढा, असं मात्र मी म्हणणार नाही. तिला बारवर मी पाहिलंय. वर जाताना तिचा चेहरा उघडतो.

हे सगळं मला इतक्या नेमकेपणानं सांगता येतं, त्याचं कारण २०२१ च्या जुलैतली एक सकाळ आहे. टोकियोची अंतिम फेरी होती, प्रेक्षकांविना. मी आईबाबांकडे होते. अमेरिकेची सुनी ली सुवर्ण जिंकली आणि पडद्यावर मिनेसोटातलं सभागृह आलं, उड्या मारणारी माणसं, आणि चाकाच्या खुर्चीत तिचे वडील. लाओसमधून निर्वासित होऊन आलेल्या हमोंग समाजातलं कुटुंब. बीम परवडत नव्हता म्हणून या माणसानं तो लाकडाचा घरीच बनवला होता. आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या काही दिवस आधी शिडीवरून पडून त्याच्या शरीराचा खालचा भाग कायमचा लुळा झाला, तरी मुलीला त्यानं खेळायला पाठवलं. बाबा बराच वेळ त्या खुर्चीकडे बघत होते. वही त्यांच्या हातात नव्हती. मग त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "तुझी पाठ नक्की कधीपासून दुखत होती?"

मी म्हटलं, "पट्टा लागायच्या आधी सहाएक महिने."

आई आतून म्हणाली, "त्याच्याही आधीपासून. बूट भिंतीला टेकून घालायचीस."

त्यानंतर आम्ही तिघं भांडलो. खरंखुरं, आवाज चढवून, एकमेकांचं वाक्य तोडत. मी आईला म्हटलं, तुला माहीत होतं तर तू बोलली का नाहीस. ती म्हणाली, तू एवढं लपवत होतीस, मला वाटलं तुला खेळायचंय; तुझं हे एकच इथलं होतं, ते मी कसं काढून घेऊ? बाबा म्हणाले, मला कुणीच काही सांगत नव्हतं. मी म्हटलं, तुम्ही पासपोर्ट दिलात, त्यावर मी काय सांगणार होते? ते उठूनच उभे राहिले. पासपोर्ट मी माझ्यासाठी दिला, म्हणाले, परत जाणं होणार नाही हे मला कळलं होतं, तुझं निमित्त बरं होतं. यावर आई त्यांच्यावर भडकली, कारण हे तिलाही नवीन होतं. दुपार झाली तरी ते संपलं नव्हतं. अजूनही संपलेलं नाही. फोन केला की कुठूनही सुरू होतं, मधेच कुणीतरी नवीन काहीतरी सांगतं, आणि मी हातातलं काम ठेवून ऐकते.